धागा: पोरगी जेवत नाही हे सांगायची एवढी लाज कशाची?

मांजराकाठ

आमच्याकडं कुणाला शुगर निघाली तर आख्ख्या गल्लीला माहीत असतं, मुतखडा पडला तर माणूस डबीत घालून पाव्हण्यांना दाखवतो. पण घरातली पोरगी जेवण टाळायली, नाहीतर जेवली की बाथरूममधी जाऊन उलटी काढायली, हे सख्ख्या भावाला पण सांगत नाहीत. मागच्या दीड-दोन वर्षांत आमच्या घरात हे जवळून बघितलंय म्हणून धागा काढतेय.

माझी मावसबहीण. दहावीला चांगले मार्क पडले, सगळ्यांसारखं लातूरला नीटसाठी क्लास लावला, हॉस्टेलवर राहिली, डबा लावला. दिवाळीला घरी आली तर जरा बारीक झालेली. झालं, जो येईल तो कौतुक करायला लागला, किती छान दिसायलीस, काय करतीस गं, आमच्या पिंकीला पण सांग. मग सोमवार सुरू झाला, मग गुरुवार, मग संकष्टी, नवरात्रात तर नऊ दिवस नुसत्या पाण्यावर आणि आजी सगळ्यांना सांगायची की लेकरू लई देवभोळं आहे. उपवास म्हणलं की आपल्यात कुणी विचारत नाही हो, उलट पाया पडतात. तिला ते बरोबर कळलं होतं.

नंतर केस गळायला लागले, पाळी बंद झाली, एप्रिलमधी लातूरच्या उन्हात पोरगी स्वेटर घालून बसायची. क्लासमधी पेपर देताना चक्कर येऊन पडली. मग सलाईन, रक्त वाढायच्या गोळ्या, पित्ताच्या गोळ्या. एकानं सांगितलं नजर आहे, एकानं सांगितलं बाहेरचं आहे, तिकडं पण नेऊन झालं, लिंबू उतरवून झालं. शेवटी एका एमडी डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं की हा खाण्याचा मानसिक आजार आहे, अ‍ॅनोरेक्सिया, मानसोपचारवाल्याकडं न्या. तर मामा उठून उभा राहिला. वेड्याच्या डॉक्टरकडं नेलेलं कळलं तर उद्या सोयरीक कोण करील?

मग काय केलं माहितीय का, लातूरात दाखवायच्या ऐवजी सोलापूरला नेलं. पाव्हण्यांना सांगितलं पित्ताचा दवाखाना आहे. चिठ्ठीवर वरती डॉक्टरचं नाव आणि मानसोपचार असं छापलेलं होतं तो भाग मावशी आत घडी घालून मेडिकलवाल्याला दाखवायची, ते पण आपल्या गावातल्या नाही, येताना बसस्टँडजवळच्या अनोळखी दुकानात. मी सोबत होते. त्या पोराला काही पडली पण नव्हती, त्यानं गोळ्या दिल्या, पैसे घेतले. मावशीचा हात मात्र थरथरत होता.

आता ती बरीच बरी आहे, उपचार चालू आहेत. तिला विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

एक विनंती. कुणी अनुभव लिहिला तर वजनाचे आकडे, किती खाल्लं किती नाही याचे आकडे, आणि कसं काय करायचे ते लिहू नका. आजारी पोरी ते वाचून आपल्याशी तुलना करतात, मी बघितलंय.

---

जिंतूरची_वाट

ताई, राग मानू नका, मनातलं लिहितो. माझी आजी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची, मिलोची लाल भाकर आणि सुकडी खाऊन तिनं पाच लेकरं जगवली. ताटात भाकरीचा तुकडा राहिला तर अजून पण ती बोलते. दिवाळी झाली की आमच्या भागातनं ऊसतोडीला टोळ्या जातात, तिथं कोपीवर, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, काय खातात ते मी बघितलंय. अशा मुलखात पोरगी समोर ताट असून जेवत नाही याला आजार म्हणायचं हे माझ्या डोक्यात बसत नाही. ज्याच्या घरात दाणे नाहीत त्याला हे का होत नाही? मला तर वाटतं हे सगळं मोबाईलनं आणलंय, रील बघू बघू पोरींना हाडं दिसायला पाहिजेत असं झालंय.

---

सोयाबीनचा_भाव

+१. पण ताईंच्या घरावर काय आलं असेल ते पण समजतं. लेकराला बरं वाटो.

---

घाटीचा_जुना_विद्यार्थी

मी संभाजीनगरला घाटीत, म्हणजे तिथल्या सरकारी मेडिकल कॉलेजात शिकलो, मानसोपचार हाच माझा विषय, आता मराठवाड्यातच प्रॅक्टिस करतो. जिंतूरच्या दादांचं वाचून लिहायला बसलो, कारण हेच मला ओपीडीत रोज ऐकायला मिळतं आणि बोलणारी माणसं वाईट नसतात.

मोबाईलचं आधी. अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव विल्यम गल नावाच्या डॉक्टरनं लंडनमध्ये १८७३ साली दिलं. तेव्हा कुठला मोबाईल आणि कुठलं रील. पोटभर खाऊन उलटी काढण्याचा जो प्रकार आहे, बुलिमिया, त्याचं नीट वर्णन १९७९ ला जेराल्ड रसेल यांनी केलं, ते पण लंडनचेच. मोबाईलनं भर घातली हे खरं, कारण दिवसभर दुसऱ्याचं अंग बघणं सुरू झालं. पण जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासात आनुवंशिकतेचा वाटा चांगलाच मोठा निघालाय. म्हणजे बीज असतं, मग डाएट, परीक्षा, कुणीतरी जाडी म्हणलेलं असलं काहीतरी निमित्त मिळतं आणि आजार उभा राहतो.

आता दुष्काळाचं. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात एक प्रयोग झाला. ३६ धडधाकट तरुण, स्वतःहून तयार झालेले, त्यांना जवळपास सहा महिने अर्धपोटी ठेवलं. लढाईनंतर उपाशी लोकांना कसं सावरायचं ते कळावं म्हणून. त्या पोरांना आधी कसलाही मानसिक त्रास नव्हता. उपासमार सुरू झाल्यावर ते चिडचिडे झाले, एकलकोंडे झाले, दिवसरात्र अन्नाचाच विचार, पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे, ताटातलं बारीक बारीक तुकडे करून तासभर चिवडत खायचे, कायम थंडी वाजायची. ताईंच्या बहिणीचा स्वेटर आठवा. माझ्याकडं येणाऱ्या आया सांगतात की डॉक्टर, घरातल्या सगळ्यांना करून घालते, यूट्यूबवर रेसिपी बघत बसते आणि स्वतः घास घेत नाही, म्हणजे नाटकंच की. नाटक नाही. उपाशी मेंदू असाच वागतो, मग उपास दुष्काळानं घडलेला असो नाहीतर भीतीनं.

आणि ज्याच्या घरात दाणे नाहीत त्याला होत नाही हे पण खरं नाही. अमेरिकेत फुकट धान्य न्यायला येणाऱ्या लोकांचा अभ्यास झाला तेव्हा घरात जितकी जास्त टंचाई तितकं एकदम ताबा सुटून खाणं जास्त, असं दिसलं. आज आहे, उद्या नसेल, ही धास्ती शरीर विसरत नाही. म्हणजे आपल्या मुलखात हे कमी असेल असं धरून चालायला काहीही आधार नाही. आपल्याकडं ते पित्त, अशक्तपणा, उपवास, बाहेरची बाधा या नावाखाली जातं.

अ‍ॅनोरेक्सिया हा सगळ्यात जास्त जीव घेणाऱ्या मानसिक आजारांपैकी एक आहे. नाडी मंदावते, हृदयाचे ठोके बिघडतात, आणि आत्महत्येचं प्रमाणही मोठं. लाजेपायी वर्ष-दोन वर्षं लपवणं म्हणजे काय ते यावरून समजून घ्या.

---

जिंतूरची_वाट

वाचलं डॉक्टर. मिनेसोटाचं माहीत नव्हतं. मग धरून बसवून पोटभर खाऊ का घालू नये? घरचं तूप-दूध आहेच की.

---

घाटीचा_जुना_विद्यार्थी

दादा, इथंच सांभाळायचं. जो बरेच दिवस उपाशी आहे त्याच्या पोटात एकदम भरपूर गेलं, किंवा ग्लुकोजच्या बाटल्यांवर बाटल्या लावल्या, तर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम एकदम खाली जातं आणि जीवावर बेतू शकतं. फार खालावलेल्या पेशंटला म्हणूनच दवाखान्यात ठेवून, रोज रक्त तपासत, हळूहळू वाढवत खायला देतात.

पण घरच्यांनी खाऊ घालायचं, हे तुमचं बोलणं चुकीचं नाही. कमी वयाच्या मुलींसाठी जो उपचार सगळ्यात जास्त चालतो त्यात सुरुवातीला जेवणाची सूत्रं आई-बापाच्याच हातात देतात. लंडनच्या मॉड्सली हॉस्पिटलमध्ये ही पद्धत तयार झाली. काय खायचं, किती, कधी, हे आई-बाप ठरवतात, शेजारी बसतात, संपेपर्यंत उठत नाहीत, पण रागावत नाहीत, गळ घालत नाहीत, तुझ्यामुळं बापाचं बीपी वाढलं असं बोलत नाहीत. दोष आजाराचा, लेकराचा नाही आणि आईचा तर अजिबात नाही. आमच्याकडं येते त्या प्रत्येक आईला नातेवाइकांनी आधीच ऐकवलेलं असतं, तूच लाडावून ठेवली म्हणून.

---

दातांचं_दुखणं

मी डेंटिस्ट आहे, परभणी. हा विषय निघाला ते बरं झालं. आमच्याकडं हे पेशंट दुसऱ्याच कारणानं येतात, दात सळसळतात, थंड लागतं. आरसा आत घालून वरच्या पुढच्या दातांची मागची बाजू, टाळूकडची, बघितली की ती गुळगुळीत, झिजून पातळ झालेली दिसते, दात कडेला जवळपास काचेसारखे. ब्रश जोरात घासल्यानं बाहेरची बाजू झिजते, आतली नाही. आतली झिजते ती पोटातल्या अ‍ॅसिडनं. गालाखाली कानाजवळच्या लाळेच्या ग्रंथी सुजलेल्या असतात, तोंड गोल दिसतं, आणि लोक म्हणतात तब्येत सुधारली.

जुन्या अ‍ॅसिडिटीनं पण दात असे होतात, म्हणून मी कुणावर शिक्का मारत नाही. सोबत आलेल्या सासूला नाहीतर आईला पावती करायला बाहेर पाठवते आणि हळूच विचारते, उलट्या होतात का, आपोआप होतात का. काही जणी रडतात, बऱ्याच जणी नाही म्हणतात आणि पुढच्या अपॉइंटमेंटला येत नाहीत. कुणी वाचत असेल तर एवढं करा, उलटी झाल्या झाल्या ब्रश करू नका, साध्या पाण्यानं खळखळून चूळ भरा, ब्रश तास-अर्ध्या तासानं. आणि डेंटिस्टला खरं सांगितलं तरी चालतं, आम्ही कुणाच्या घरी फोन करत नाही.

---

लाल_माती

इथं कोणी पोरांचं बोलणार नाही म्हणून मी लिहितो. मी कुस्ती करायचो, बीड जिल्हा. वजनगटात बसायला स्पर्धेच्या आधी खाणं-पाणी तोडायचं हे सगळेच करतात, वस्तादांना पण त्यात वावगं वाटत नाही. स्पर्धा झाली की बाकीची पोरं परत नीट खायला लागायची, माझं परत लागलंच नाही. म्हणजे एक तर काहीच खायचं नाही नाहीतर रात्री उठून घरात असेल ते, शिळी भाकर, शेंगदाणे, गूळ, डब्यात हात घालून उभ्या उभ्या खायचं, मग सकाळी त्या भीतीनं दुप्पट पळायचं. कुस्ती सुटली तरी ते सुटलं नाही. मित्राला सांगितलं तर म्हणला, लका पोरींचे आजार तुला कसे काय व्हायले. त्याच्यानंतर मी कुणालाच सांगितलं नाही, आज इथं लिहितोय.

---

मांजराकाठ

दादा, लिहिलंत हे लई मोठं काम केलंत. डॉक्टर, यांना काय म्हणायचं?

---

घाटीचा_जुना_विद्यार्थी

इथं बसून निदान करणार नाही, पण लिहिलंय ते ओळखीचं आहे आणि त्याला उपचार आहेत. ताबा सुटून खाण्याचा आजार, बिंज ईटिंग, २०१३ पासून अमेरिकेच्या मानसोपचाराच्या यादीत स्वतंत्रपणे धरलाय. तसं खाऊन झाल्यावर उपास, उलट्या किंवा मरेस्तोवर व्यायाम असेल तर ते बुलिमियाकडं जातं. पुरुषांना होतो. जाड माणसाला होतो, मध्यम बांध्याच्या माणसाला होतो. हाडं दिसली तरच आजार, या समजुतीनं किती तरी पेशंट आमच्यापर्यंत येत नाहीत, कारण चांगला खाता-पिता दिसतो, याला काय झालंय. बोलण्याची थेरपी, म्हणजे सीबीटी, याला चांगली लागू पडते, काहींना गोळ्या पण लागतात. मित्राचं मनावर घेऊ नका.

---

निनावी_रात्र

नवीन आयडी काढून लिहितेय. सासर धाराशिवकडं. लग्नाआधी बघायला आले तेव्हा एका पाव्हणीनं माझ्यासमोरच म्हणलं होतं की पोरगी अंगानं भरलेली आहे, पुढं लेकरं झाल्यावर काय होईल. तिथनं सुरू झालं.

आमच्याकडं सगळ्यांचं झाल्यावर बायका जेवतात आणि बायकांचं झाल्यावर शेवटी मी, स्वयंपाकघरात, एकटी. म्हणून मी किती खाते, खाते का नाही, नंतर काय करते, हे या घरात कुणाला कळायचा प्रश्नच येत नाही. लोक म्हणतात एकत्र कुटुंबात काही लपत नाही. सगळं लपतं. उरलेलं कोरड्यास, भात, सगळं खाते, मग मागच्या न्हाणीत जाते, नळ सोडते. आत्ता आत्ता छातीत धडधडतं, पायात गोळे येतात. नवरा चांगला आहे पण त्याला सांगितलं तर तो आईला सांगणार. आणि अन्न बाहेर काढायचं म्हणजे पापच की, दर वेळी आधी हात जोडते आणि तरी करते. मला कुठं जायचं तेच कळत नाही, एकटी बाहेर पडले तर कुठं चालली म्हणून विचारतात.

---

घाटीचा_जुना_विद्यार्थी

ताई, आधी तातडीचं. वारंवार उलट्यांनी पोटॅशियम कमी होतं, त्यानं पायात गोळे आणि धडधड होऊ शकते, आणि ते हृदयाला धोक्याचं असतं. उद्याच जवळच्या कुठल्याही फिजिशियनकडं जा, घरी सांगायचं तर धडधड होतेय एवढंच सांगा, ते खरंच आहे. डॉक्टरला एकटीला भेटल्यावर उलट्यांचं सांगा आणि रक्तातले क्षार, विशेषतः पोटॅशियम, आणि ईसीजी करून घ्या. चक्कर येऊन पडलात, छातीत दुखलं, उलटीत रक्त दिसलं तर थांबू नका, सरळ सरकारी दवाखान्याची कॅज्युअल्टी गाठा.

दुसरं, १४४१६. टेलिमानस, सरकारची फुकट लाईन, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. घराबाहेर पडायला लागत नाही, नळ सोडून बोललात तरी चालेल. मानसोपचार विभाग अंबाजोगाई, लातूर, नांदेड, घाटी या सगळ्या सरकारी मेडिकल कॉलेजांत आहे.

तिसरं, तुम्ही परवानगी दिल्याशिवाय डॉक्टरनं तुमचा आजार सासूला काय, नवऱ्याला पण सांगायचा नसतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम २३, त्यात गोपनीयतेचा हक्क लिहिलेला आहे. कायद्यात थोडे अपवाद आहेत, जसं जीवाला धोका असेल तेव्हा. आणि त्याच कायद्यानं विमा कंपनीला मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरायला लावलाय, हे इतरांसाठी पण सांगून ठेवतो.

पापाचं बोलू का? तुम्ही अन्नाचा अपमान करत नाही आहात. तुम्ही आजारी आहात.

---

मांजराकाठ

ताई, व्यनि (खाजगी निरोप) केलाय. धाराशिवहून लातूरला यायचं जमलं तर मी स्टँडवर घ्यायला येते, माझ्याकडं साड्या बघायला आलात असं सांगा घरी.

---

जिंतूरची_वाट

निनावी ताईंचं वाचून सुन्न झालो. आमच्या घरात पण बायका शेवटीच जेवतात. ताटात टाकलेलं मला अजून पण बघवत नाही, ते तसंच राहणार, आजीनं वाढवलंय. पण माझ्या पुतणीला मी दोन-तीनदा चारचौघात जाडे म्हणून हाक मारलेली आहे, ते आजपासून बंद.

---

खडू_फळा

मी ज्युनियर कॉलेजला शिकवते आणि पोरींच्या हॉस्टेलची रेक्टर पण आहे. मेसची मावशी मला सांगते की अमकी तमकीचा डबा रोज जसाच्या तसा परत येतो. अशा पोरीला बोलावून नेमकं काय म्हणायचं? मी घरी फोन केला तर वडील सरळ म्हणतात, मॅडम, अभ्यासाचं टेन्शन असंल, तुम्ही बाहेर बोलू नका, पोरीच्या नावाला बट्टा लागंल.

---

घाटीचा_जुना_विद्यार्थी

मॅडम, वजनावर, दिसण्यावर काहीच बोलू नका, बारीक झालीस हे काळजीनं म्हणलेलं पण तिला शाबासकी वाटते. जे दिसलं ते सांगा, डबा परत येतोय, परवा जिन्यात बसलेली दिसलीस, थंडी वाजते का, झोप लागते का. पहिल्यांदा ती नाहीच म्हणणार, आठवड्यानं परत विचारा. वडिलांशी बोलताना मानसिक या शब्दावर अडू नका, चक्कर येते, नाडी कमी आहे, पाळी बंद आहे, आधी तपासणी करून घ्या म्हणा, दवाखान्यापर्यंत तर येऊ दे, पुढचं डॉक्टर बोलतील. आणि हॉस्टेलच्या पॅसेजमध्ये वजनकाटा ठेवलेला असेल तर तो काढा.

---

खडू_फळा

काटा आमच्या पॅसेजमध्ये आहे खरंच. उद्या काढते.

---

मांजराकाठ

डॉक्टर, एक घरचंच विचारते. येळवस (वेळ अमावस्या) आली. मावशीकडं शेतात सगळं गोत जमतं, भज्जी, अंबील, उंडे, पन्नासेक माणसं, आणि आग्रह तर तुम्हाला माहितीच आहे. बहिणीला यायचंय पण भीती पण वाटायली. मावशी म्हणती नको नेऊ, कुणीतरी काहीतरी बोलंल.

---

घाटीचा_जुना_विद्यार्थी

तिला यायचं असेल तर न्या. लपवून घरी ठेवली की तिला हेच कळतं की आपण लपवायची गोष्ट आहोत. तिचं ताट आईनं वाढायचं, तिच्या डॉक्टरनं जे ठरवून दिलंय तेवढंच, आणि तुम्ही तिच्या शेजारी बसा. बाकी कुणी तिला वाढायचं नाही, आग्रह नाही, आणि खाल्लंस गं बाई एकदाचं असलं कौतुक पण नाही. जेवण झाल्यावर तासभर तिला एकटी सोडू नका, बांधावरनं फिरून या, पोरांना पतंग करून द्या, काहीही. जे दोन-तीन नातेवाईक हमखास बोलतात त्यांना आधीच फोन करून ठेवा.

---

मांजराकाठ

बरं. मामाला मीच करते फोन, पहिला तोच बोलतो. मावशीला तुमचा मेसेज आत्ताच पाठवला.